चालू गाडीच्या बॅटरीची तार काढू नका

‘अल्टरनेटर-सेल्फच्या धंद्याला टेस्ट बेंच लागत नाही. मल्टिमीटर, सिरीज बल्ब आणि चांगली बॅटरी, बस्स!’ अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं जनित्र) आणि सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) यांच्या दुरुस्तीबद्दलचा हा मेसेज मुंबईतल्या गॅरेजवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. कुर्ल्यात या धंद्यासाठी गाळा शोधणाऱ्या भाच्याने तो मला पाठवला, वर ‘मामा, बेंचचे पैसे वाचले!’ वाचले नाहीत, बाबा. बेंच म्हणजे ही मशीनं गाडीबाहेर फिरवून, लोड देऊन तपासायचं यंत्र.

आधी त्यातला घातक सल्ला: ‘गाडी चालू ठेवून बॅटरीची तार काढा. इंजिन बंद पडलं नाही तर अल्टरनेटर ओके.’ डायनमोच्या जमान्यात हे खपून जायचं, कारण जळायला गाडीत इलेक्ट्रॉनिक्सच नव्हतं. आज उतरलेली बॅटरी ४०-५० अँपिअर घेत असताना तार सुटली, तर त्या करंटला वाटच उरत नाही. कटआउटने (व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर) फील्डचा, म्हणजे रोटरच्या कॉइलचा, करंट तोडला तरी रोटरचं चुंबकत्व लगेच उतरत नाही, आणि तेवढ्यात व्होल्टेज उसळतं. आयएसओ १६७५०-२ या मानकात दाबणारे डायोड नसलेल्या १२ व्होल्टच्या गाडीसाठी ७९ ते १०१ व्होल्टचा झटका धरलाय, तोही ४० ते ४०० मिलिसेकंदांचा. २४ व्होल्टच्या ट्रकला १५१ ते २०२. नव्या अल्टरनेटरमधले झेनर डायोड तो ३५ च्या आसपास दाबतात, मान्य. पण दुरुस्तीला आलेल्या मशीनचे डायोड शाबूत आहेत का, तेच तर बघायचं होतं ना? ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) उडाला तर बिल फॉरवर्ड करणारा भरणार आहे का? बरं, एवढं करून कळतं काय, तर इंजिन चालण्यापुरता करंट निघतो. एक डायोड ओपन असलेलं मशीनही यात आरामात पास होतं.

म्हणे हेडलाइट लावून १४ व्होल्ट दिसले की झालं. ६० वॅटचे दोन बल्ब मिळून जेमतेम १० अँपिअर घेतात. समजा, मशीन ९० अँपिअरचं आहे. कार्बन पाइलने (कमी-जास्त करता येणारा लोड) लोड द्या, डीसी क्लॅम्प मीटरवर करंट बघा, आणि लोड असतानाच मीटर एसीवर टाका. अर्ध्या व्होल्टच्या वर रिपल (डीसीत मिसळलेला एसी) दिसला की डायोड प्लेट उघडा.

‘अल्टरनेटर फिरवायला १ एचपीची मोटर पुरे’ या सल्ल्याचं तर विचारूच नका. १४ गुणिले ९० म्हणजे १२६० वॅट, कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर शाफ्टवर २३०० वॅट, म्हणजे ३ एचपी, बेल्टचा तोटा वेगळा. १ एचपीवर ३० अँपिअरलाच मोटर बसेल. ५ एचपी आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) घ्या; १४४० ची मोटर ७५ हर्ट्झवर, तिप्पट पुलीने ६००० आरपीएम पार करते. गाळ्याला थ्री-फेज मिळेल का, हे भाडं ठरवायच्या आधी विचारा.

सिरीज बल्बचं (घरच्या लाइनीत बल्ब जोडून सर्किट तपासायचं) अर्धं खरं आहे. सेल्फचं सुटं आर्मेचर (फिरणारा भाग) बॉडीला लागलंय का, हे त्यावर कळतं. वाइंडिंगमधला आतला शॉर्ट कळत नाही. त्याला ग्रोलर (आर्मेचर तपासायचं एसी चुंबक) लागतो. वर हॅक्सॉचं पातं धरा, शॉर्ट असलेल्या खाचेवर ते थरथरतं. तोच २३० व्होल्टचा बल्ब डायोडला लावलात, तर डायोड जाऊ शकतो.

सेल्फ जमिनीवर पायाखाली दाबून गरगर फिरवला तर घासणारे बुश समजतील, घसरणारा बेंडिक्स (इंजिनच्या दात्यांत अडकणारं गिअर) समजणार नाही. तो लोडवरच सापडतो.

आणि मेसेजमध्ये नावालाही नाही ती गोष्ट: बीएस-६ गाड्यांचे बरेच अल्टरनेटर ईसीएमच्या हुकमावर चालतात. लिनचा (ईसीएम ज्या तारेवरून हुकूम देतो ती लाइन) सिग्नल न देणाऱ्या बेंचवर ते ठरलेल्या एकाच व्होल्टेजवर अडकतात, आणि मिस्त्री चांगला कटआउट बदलून बसतो. बेंच बघायला जाताना असं एक मशीन सोबत न्या आणि विक्रेत्याला त्याचं व्होल्टेज वर-खाली करून दाखवायला लावा.