वाकडा सेन्सर आणि सातबारा

कोल्हापुरात खरी कॉर्नरला चहाच्या गाडीपाशी पोचलो, तेव्हा पिंट्या मोबाईल उंचावूनच उभा होता. स्क्रीनवर उभी चिरलेली लेन्स आणि तिच्यामागं वाटीसारखा वाकलेला सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी चित्र टिपणारा तुकडा.

"आलं बघा! म्हणत नव्हतो मी?"

"गेल्या महिन्यातबी आलंच होतं की," बंडा म्हणाला.

"ह्या खेपेला आकृतीसकट हाय. जपानात पेटंट मिळालंय."

"मिळालं न्हाई, अर्ज हाय तो," वकील चष्मा पुसत म्हणाला. "अर्ज टाकला की दीड वर्षानं तो आपोआप उघड्यावर येतो. मंजुरी पुढं. गेल्या खेपेला सांगितलं होतं, त्याच्या आधीबी सांगितलं होतं."

"तू तर बोलूच नकोस. तुझ्या भावाच्या हळदीचा अल्बम नेलास, पैसं अजून यायचंत."

तो अल्बम दर बैठकीत निघतो. वकिलानं चहा मागवला आणि विषय तिथंच मिटवला.

मामा कडेला बसले होते. चाळीस वर्षं कॅमेरे उघडून बसलेला माणूस, बोलायची घाई कधीच नाही. पिंट्या त्यांच्याकडं वळला. "मामा, तुम्हीच सांगा. भिंगातनं येणारं चित्र मुळात सपाट पडतच न्हाई. आपल्या डोळ्याचा पडदा गोल, मग सेन्सरच तेवढा सपाट का? त्यापायी लेन्सवाले काचेवर काच चढवतात आणि आपण मानेला पट्टा बांधून ते वजन वागवतो. सोनीनं 2014 सालीच वाकवून दाखवलाय."

"दाखवला. कॅमेरा कुठाय?"

पिंट्या गप्प.

"कल्पना चांगली हाय, पोरा. पण वाटी कुठल्या मापाची घ्यायची? एका लेन्सला बसलेला वाक दुसरीला बसंल असं न्हाई. झूम फिरवलास की गणित फिरलं. लग्नात तू अक्षता पडायच्या आत तीनदा लेन्स बदलतोस."

"पेटंटात लिवलंय, सेन्सर लागंल तसा वाकणार."

"सिलिकॉन हाय ते, भाकरी न्हवं."

बंडाला चहाचा ठसका लागला. मामा थांबले नाहीत. "यूज-अँड-थ्रो कॅमेरे आठवतात? धुवायला यायचे माझ्याकडं. आत रोल वाकडाच बसवलेला असायचा. प्लॅस्टिकचं साधं भिंग, त्याला सपाट रोल झेपत नव्हता. तुझं हे नवं तंत्र मी स्क्रूड्रायव्हरनं उघडून कचऱ्यात टाकलंय."

हे मला ठाऊक नव्हतं. पिंट्यालाही नव्हतं, पण हरणाऱ्यातला तो नाही. "मग एवढ्या मोठ्या कंपन्या येड्या हायत व्हय? अर्जाला पैसं लागतात."

"पेटंट म्हंजे सातबारा," मामा म्हणाले. "रान नावावर लागलं म्हणून पीक आलं का? निम्मी रानं पडीक असतात. पण दुसऱ्यानं पाय टाकला की कोर्ट."

इथं वकिलाला चेव आला. आपल्या केसच्या तारखा न आठवणाऱ्या ह्या गड्याला परक्यांच्या पाठ आहेत. पोलरॉइडनं कोडॅकवर 1976 साली दावा लावला, झटपट फोटोच्या पेटंटांवरून. 1986 च्या जानेवारीत कोडॅकला तो धंदाच गुंडाळावा लागला. लोकांच्या घरातले कॅमेरे बिनकामाचे झाले, कारण त्यात घालायला फिल्मच उरली नाही. वर भरपाई 90 कोटी डॉलरच्या पुढं. "आणि रेड ह्या सिनेमा-कॅमेऱ्यांच्या कंपनीनं निकॉनवर लावलेला दावा घ्या. 2022 ला कोर्टात, 2023 ला मागं घेतला, आणि 2024 ला निकॉननं रेडच विकत घेतली!"

"बांधाचं भांडण होतं, शेवटी शेजारचं शेतच घेतलं," बंडा म्हणाला. "आमच्या चुलत्याला सांगायला पाहिजे."

त्यावरून त्याच्या चुलत्यानं तोडलेल्या आंब्याच्या झाडावर दहा मिनिटं गेली. ते इथं लिहिण्यात अर्थ नाही.

पिंट्या तेवढ्यात गूगल करून परतला होता, आणि ह्या वेळी त्याच्या हातात खरंच काहीतरी होतं. "नजरेनं फोकस! कॅननचा इओएस 5, 1992 साल. जिकडं बघशील तिकडं फोकस. पुढं गुंडाळलं, सगळी हसली. आणि 2021 ला कॅननच्याच आर3 मधे परत आलं का न्हाई?"

"आलं," मामांनी मान हलवली. "त्या पाचला कॅमेरा उभा धरला की नजर कळायची न्हाई. पण आलं. किती वर्षांनी?"

"एकोणतीस."

"तेवढी वाट बघायला कॅमेरा लागत न्हाई, औक्ष लागतं."

तरी मला पिंट्याची बाजू अगदीच टाकवत नाही. बाजारात काय येणार हे अर्जातून कळत नाही, पण कंपनीचं डोकं कुठं दुखतंय ते नक्की कळतं. कोडॅकच्या ब्राइस बायरचं पेटंट 1976 चं. सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची जाळी, हिरवे दुप्पट. पिंट्या ज्या मोबाईलवर रोज अफवा वाचतो, त्याच्या कॅमेऱ्यातही त्याच कल्पनेचा वंश आहे. त्या साली तो कागद वाचून कुणाला वाटलं असतं? मी हे बोललो, तर पिंट्यानं माझा चहा स्वतःच्या खात्यावर लिहायला सांगितला. त्याचं खातं दिवाळीपासून थकलंय.

मामांनी समोरच्या कॅमेरा स्तंभाकडं हात केला. "बाबूराव पेंटर कुणाच्या अर्जाची वाट बघत बसले न्हाईत. दामल्यांना घेऊन स्वतः कॅमेरा बनवला आणि 1920 ला 'सैरंध्री' सिनेमा लावला. त्यांच्या सावलीत बसून तू दुसऱ्याच्या आकृत्या दाखवतोस."

पिंट्याचा चेहरा खरंच उतरला. बंडाला ते बघवलं नाही, त्यानं भजी मागवली. पाच मिनिटं नुसतं खाणं.

मग पिंट्या हळूच सरकत मामांजवळ आला. "मामा, रविवारी गडहिंग्लजला लग्न हाय. तुमची 24-70 लेन्स मिळंल का?"

"तुझी कुठाय?"

"विकली."

"का?"

पिंट्या खाली बघत म्हणाला, "नवीन येणार होती. पेटंट आलं होतं."

वकिलाच्या हातातली भजी चहात पडली. मामा इतके हसले की त्यांना उठून खांबाला धरावं लागलं. लेन्स मात्र त्यांनी दिली, टोपणासकट.