व्हेंटिलेटर काढता आला पाहिजे

सायन्सवाल्या मुलांचे आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या आईवडिलांचे मेसेज यायला लागलेत, सगळ्यांचा प्रश्न एकच, रेस्पिरेटरी थेरपीला, म्हणजे पेशंटचा श्वास सांभाळायच्या आमच्या कामाला, स्कोप आहे का. प्रत्येकाला वेगळं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून इथे एकदाच लिहिते. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गैरसमज. बऱ्याच जणांना वाटतं हा व्हेंटिलेटर ऑपरेटरचा कोर्स आहे, म्हणजे बटणं शिकायची, मशीन लावायचं, झालं. खरं सांगायचं तर व्हेंटिलेटर लावायला शिकणं हा यातला सोपा भाग आहे. तो धड चालवणं अवघड, आणि वेळेवर काढणं सगळ्यात अवघड. माझ्या मते जो कोर्स तुम्हाला मशीन काढायला शिकवत नाही त्याने तुम्हाला अर्धवटच शिकवलं, मग सर्टिफिकेटवर काहीही छापलेलं असो.

उदाहरण देते. पेशंट पुरुष, उंची 165 सेंटीमीटर, वजन 95 किलो, फुफ्फुसं न्यूमोनियाने खराब झालेली. एका श्वासाला किती हवा द्यायची? किलोमागे 6 मिली असा हिशोब असतो, म्हणून नवीन पोरं सरळ 95 ला 6 ने गुणतात आणि 570 मिली सांगतात. चूक. वजन वाढलं म्हणून फुफ्फुसं वाढत नाहीत हो, ती उंचीच्या हिशोबात असतात. उंचीवरून काढलेलं वजन येतं साधारण 61-62 किलो, म्हणजे हवा द्यायची 370 मिलीच्या आसपास. 200 मिलीचा फरक, तोही दर श्वासाला, मिनिटाला वीसेक वेळा, रात्रंदिवस. आणि हे नुसतं पुस्तकी नाही. 2000 साली अमेरिकेतल्या एआरडीएस (फुफ्फुसं अचानक सुजून निकामी होणं) नेटवर्कची मोठी ट्रायल आली, त्यात किलोमागे 12 मिली देऊन बघितलं आणि 6 मिली देऊन बघितलं, तर मृत्यूचं प्रमाण जवळपास 40 टक्क्यांवरून 31 वर आलं. औषध नवीन नाही, मशीन नवीन नाही, फक्त हवा कमी दिली. बेडपाशी टेप घेऊन पेशंटची उंची मोजणारा माणूस दिसला तर हसू नका त्याला.

मग अलार्म. हाय प्रेशरचा अलार्म वाजला की नवशिका आधी स्क्रीनकडे धावतो आणि आवाज बंद करतो. आधी पेशंटकडे बघायचं! तोंडातून श्वासनळीत घातलेली ट्यूब चावतोय का, छाती दोन्ही बाजूंनी सारखी हलतेय का, नळीत पाणी साचलंय का, ट्यूब आत सरकून एकाच फुफ्फुसात गेलीय का, बेडका अडकलाय का, की फुफ्फुसाबाहेर हवा साठलीय. काहीच कळत नसेल आणि पेशंट खाली जात असेल तर मशीनपासून सोडवायचा आणि हाताने बॅग दाबायची, हाताला लगेच कळतं आत किती कडक लागतंय ते. हे सिम्युलेटरवर शिकवतात, चांगलंच आहे, पण हात बसतो तो वॉर्डातच.

आणि आता काढण्याबद्दल. सकाळी झोपेचं औषध कमी करायचं, पेशंटला जागं होऊ द्यायचं, मग मशीनचा आधार अगदी कमी करून अर्धा तास ते दोन तास त्याचा त्याला श्वास घेऊ द्यायचा आणि आपण बघत बसायचं. एक साधा आकडा असतो, मिनिटाचे श्वास भागिले एका श्वासाचे लिटर. 1991 मध्ये यांग आणि टोबिन या संशोधकांनी 105 ही रेघ मांडली, अजून सगळे तीच धरतात. श्वास 20 आणि हवा 400 मिली असेल तर उत्तर 50, मस्त. श्वास 32 आणि हवा 250 मिली असेल तर 128, म्हणजे उथळ आणि भरभर चाललाय, आज नको. पण आकडा चांगला आला म्हणून ओढली ट्यूब असं करता येत नाही. खोकण्याचा जोर आहे का, सांगितलेलं कळतंय का, बेडके किती निघतायत, दर तासाला सक्शन (नळी घालून बेडके ओढून काढणं) लागत असेल तर बाहेर काढून काय करणार? लवकर काढली आणि परत घालावी लागली तर वाईट, आणि भीतीपोटी दोन दिवस जास्त ठेवली तरी वाईट, इन्फेक्शन होतं, श्वासाचे स्नायू ढिले पडतात. या दोन्हींच्या मधली जागा ओळखणं हेच खरं शिक्षण. सगळं जमून आलं की तोंडातली लाळ ओढून घ्यायची, ट्यूबचा फुगा सोडायचा, मोठा श्वास घ्या म्हणायचं, ट्यूब बाहेर, आणि लगेच खोका खोका. पहिला आवाज घोगरा निघतो आणि शब्द बहुतेक वेळा ‘पाणी’ असतो (जे तेव्हा लगेच देता येत नाही, त्यामुळे पहिली शिवीही आपल्यालाच).

थोडा इतिहास, कारण मला तो आवडतो. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयानक साथ आली, आयर्न लंग (पेशंटला आत झोपवून श्वास चालवणाऱ्या लोखंडी पेट्या) मोजके आणि पेशंट ढीगभर. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र करून तिथून रबरी बॅगने हवा द्यायला सुरुवात केली आणि सुमारे 1500 वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून हाताने बॅगा दाबत बसले. दिवस नाही, आठवडे. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथली मानतात. आणि अमेरिकेत ज्यांच्यातून आमचा पेशा उभा राहिला ते तर ऑक्सिजनचे सिलिंडर ओढणारे कामगार होते, त्यांची संघटना 1947 ला शिकागोत झाली. म्हणून कोणी ‘ऑक्सिजनवाले’ म्हणून हिणवलं तर मला राग येत नाही.

अभ्यास काय असतो? फिजिक्सपासून पळून इकडे येणार असाल तर येऊ नका, ते इथे आधीच येऊन बसलंय. नळीची त्रिज्या निम्मी झाली की विरोध सोळापट होतो हे शाळकरी गणित वाटतं, पण 4 मिलिमीटर व्यासाच्या बाळाच्या श्वासनळीला आतून चहूबाजूंनी 1 मिलिमीटर सूज आली की नेमकं तेच होतं, म्हणून त्याच सुजेवर मोठा माणूस नुसता खोकतो आणि बाळ निळं पडतं. ब्लड गॅस (रक्तातल्या वायूंची तपासणी) वाचणं तर रोजचं, पीएच 7.35 ते 7.45, कार्बन डायऑक्साइड 35 ते 45, हे झोपेतही सांगता आलं पाहिजे. आणि ऑक्सिजन हे औषध आहे, जास्त झाला तरी नडतो. सीओपीडीच्या (श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) बऱ्याच पेशंटांना सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, 88 ते 92 ठेवायचं असतं आणि नातेवाईक मात्र ‘100 करा ना’ म्हणून मागे लागतात, तेव्हा समजावून सांगणंही आपलंच काम.

आयसीयूबाहेरही काम आहे, त्याला ग्लॅमर नाही एवढंच. स्पायरोमेट्री (फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजणं), स्लीप लॅब, रिहॅब, दम्याच्या पेशंटला इनहेलर शिकवणं. कितीतरी लोक वर्षानुवर्षं इनहेलर तोंडात फवारतात आणि औषध घशातच राहतं, मग म्हणतात गुण येत नाही. स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) लावून, सावकाश ओढून, दहा सेकंद श्वास धरायला शिकवलं तर औषध न बदलता फरक पडतो. मला विचाराल तर हे काम व्हेंटिलेटरइतकंच मोठं आहे.

परदेशाचं स्वप्न असेल तर आधी नीट चौकशी करा. अमेरिका-कॅनडात हा स्वतंत्र, परीक्षा देऊन मिळवायचा पेशा आहे. अमेरिकेत किमान असोसिएट डिग्री (तिथली साधारण दोन वर्षांची पदवी) लागते, मग एनबीआरसी या तिथल्या परीक्षा मंडळाची लेखी परीक्षा, तिच्यात कमी कटऑफला सीआरटी हा पहिला दर्जा, आणि जास्त कटऑफ गाठून वर क्लिनिकल सिम्युलेशन पास झालात तर आरआरटी हा वरचा दर्जा. ब्रिटनमध्ये मात्र हेच काम बरंचसं फिजिओथेरपिस्ट आणि नर्स करतात, तिथे आपल्या नावाची पोस्ट शोधत बसाल.

कॉलेज बघताना बिल्डिंग बघू नका, हॉस्पिटल बघा. विद्यार्थ्यांना आयसीयूत किती तास मिळतात, नवजात बाळांचं युनिट आहे का, फायनलची मुलं व्हेंटिलेटरला हात लावतात की भिंतीला टेकून बघत असतात. हे प्रॉस्पेक्टसमध्ये नसतं, सीनियर्सना गाठून विचारा.

जे कोणी सांगत नाही तेही सांगते. नाइट असतात, सण-सुट्ट्या जातात. राउंडला तुमचं म्हणणं ऐकून घेणारे डॉक्टर भेटतात तसे न ऐकणारेही भेटतात, तिथे आवाज न चढवता पण आकडे समोर ठेवून बोलावं लागतं. आणि काही वेळा घरच्यांनी ठरवल्यावर मशीन बंद करायला तुम्हालाच बोलावतात. त्याची तयारी कुठलाच सिलॅबस करून घेत नाही, सीनियर शेजारी उभा राहतो तेवढीच.

रक्त बघून चक्कर येते का असं सगळे विचारतात. रक्ताची सवय होते हो, बेडक्याचं बघा! फॉर्म भरायच्या आधी परवानगी काढून एक दिवस सक्शन चाललेलं जवळून बघून या. पोटात ढवळेल, ढवळू दे, बहुतेकांना ढवळतं. दुसऱ्या दिवशीही जावंसं वाटलं तर फॉर्म भरा. आणि अमुक कॉलेज चांगलं का असं इनबॉक्सला विचारू नका, मी नाव घेणार नाही. ब्लड गॅस अडला असेल तर मात्र खुशाल विचारा.