चॅट्सवर्थ चारशे वर्षं जसंच्या तसं? कुणी सांगितलं!

इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या चॅट्सवर्थ हाऊसचा फोटो लावून एक फॉरवर्ड फिरतोय. एलिझाबेथ राणीच्या काळातलं घर, एकाच आर्किटेक्टचं काम, चारशे वर्षांत एक दगड हलला नाही, सरकार सांभाळतं, आणि आपण मात्र वाडे पाडून टॉवर उभे करतो म्हणे. वाड्यांचं दुखणं खरंय हो, पण उदाहरण साफ चुकलंय.

पहिलं म्हणजे फोटोतली ती पश्चिमेची बाजू एलिझाबेथच्या काळातली नाहीच, ती साधारण 1700 ची. बेस ऑफ हार्डविक नावाच्या एका बड्या श्रीमंत बाईनं 1552 ला बांधायला घेतलेलं घर तिच्या खापरपणतूनं, म्हणजे डेव्हनशरच्या पहिल्या ड्यूकनं (ड्यूक म्हणजे बडा सरदार), 1687 पासून एकेक बाजू पाडत नवं करत नेलं. आधी म्हणे फक्त दक्षिण बाजू करायची होती, पण एकदा बांधकामाचा नाद लागला की कुठे थांबतोय माणूस! तुकड्यातुकड्यानं केल्यामुळं मधल्या चौकाचा जुना आराखडा मात्र तसाच राहिला, आणि राजाराणीसाठी सजवलेल्या खास खोल्याही बेसच्या घरासारख्या पार वरच्या मजल्यावर गेल्या. मला विचाराल तर या घराची खरी मजा इथंच आहे, पाडलेलं जुनं घर नव्याच्या आतून अजून दिसतंय. आणि ज्यांच्यासाठी त्या खास खोल्या सजवल्या ते तेव्हाचे राजाराणी, विल्यम-मेरी, काही तिथं आलेच नाहीत!

एकच आर्किटेक्ट? दक्षिण बाजू विल्यम टॅलमनची, त्याला 1696 ला घरी बसवलं. उत्तर बाजू थॉमस आर्चरची. तबेले जेम्स पेनचे. मग 1820 च्या दशकात सहाव्या ड्यूकनं वायटव्हिल या आर्किटेक्टकडून उत्तरेला लांबलचक विंग जोडून घेतली, त्यात थिएटर, शिल्पांची गॅलरी वगैरे, त्यामुळं मूळचा चौकोनी तोल गेला तो गेलाच (फॉरवर्डच्या फोटोत ती विंग बरोब्बर कापलीय). जुन्या लाँग गॅलरीची त्यानं लायब्ररी केली.

आणि इंग्रज पाडत नाहीत? सहाव्या ड्यूकचा माळी जोसेफ पॅक्सटननं इथंच बांधलेलं अवाढव्य काचघर 1920 मध्ये पाडलं, कारण महायुद्धात ते गरम ठेवायला कोळसा नव्हता, झाडं मेली. याच घराण्याचं लंडनमधलं डेव्हनशर हाऊस 1924 ला जमीनदोस्त. विसाव्या शतकात तिकडं असली हजारावर घरं गेलीत.

सरकारचं म्हणाल तर उलटंच झालं. 1950 मध्ये दहावा ड्यूक गेला आणि वारसा कर लागला 80 टक्के! तो भागवायला जमिनी, चित्रं आणि बेसचंच दुसरं घर, हार्डविक हॉल, सोडावं लागलं. चॅट्सवर्थ 1981 पासून धर्मादाय ट्रस्टकडं आहे, येणारे लोक तिकीट काढून बघतात. आता परवानगीशिवाय काही बदलता येत नाही हे मात्र खरंय, पण अशा इमारतींची यादी करणारा कायदा 1940 च्या दशकातला आहे, तोवर मालकाची मर्जी चालायची.