‘व्यसनाचं जीन’ वाला मेसेज पुढे ढकलायच्या आधी हे वाचा

एक मेसेज सध्या जिथे तिथे फिरतोय, तुम्हालाही आला असेल. दारू, सिगरेट, जुगार, सारखं खात राहणं या सगळ्याच्या मुळाशी म्हणे डीआरडी२ नावाचं एकच ‘व्यसनाचं जीन’ आहे, ते ज्यांच्यात असतं त्यांच्या मेंदूत जन्मापासून डोपामिन (मेंदूतल्या पेशींमध्ये संदेश पोचवणारं एक रसायन) कमी असतं, म्हणून त्यांना व्यसन लागणारच, तेव्हा टेस्ट करून घ्या आणि डोपामिन वाढवणाऱ्या गोळ्या सुरू करा. मला तो माझ्या एका मित्राने पाठवला. त्याला दारू सोडून सात महिने झालेत, आणि खाली त्याने लिहिलं होतं, ‘बघ, माझ्या रक्तातच आहे हे.’ ते वाचून पोटात गोळाच आला, म्हणून हे एवढं लिहितोय.

आधी त्या जीनबद्दल. ही गोष्ट हवेतून आलेली नाही. १९९० मध्ये केनेथ ब्लम आणि अर्नेस्ट नोबल या संशोधकांच्या टीमने मरणोत्तर मिळालेले ७० मेंदू तपासले, ३५ दारूचं व्यसन असलेल्यांचे आणि ३५ नसलेल्यांचे, तर या जीनचा म्हणून मानलेला ए१ नावाचा एक प्रकार पहिल्या गटात ६९ टक्के लोकांत आणि दुसऱ्यात २० टक्के लोकांत निघाला. केवढा फरक! पण त्याच वर्षी दुसऱ्या टीमने तपासलं तर तो दिसला नाही, मग पुढे कुणाला दिसला कुणाला नाही असं वर्षानुवर्षं चाललं, कारण एक तर ७० हा आकडाच फार छोटा, आणि दुसरं म्हणजे ए१ चं प्रमाण वेगवेगळ्या वंशाच्या लोकांत मुळातच खूप वेगवेगळं असतं, त्यामुळे दोन गटांतली माणसं जराशी वेगळ्या मुळांची असली तरी व्यसनाशी काही संबंध नसताना फरक दिसू शकतो. २००४ मध्ये तर कळलं की हा ए१ वाला बदल डीआरडी२ मध्ये नाहीच, शेजारच्या एएनकेके१ या जीनमध्ये आहे. म्हणजे मेसेजवाल्यांचा पत्ताच चुकलाय.

मग खरं काय? २०१९ मध्ये सुमारे १२ लाख लोकांच्या डीएनएचा अभ्यास झाला, त्यात दारू आणि सिगरेटशी जोडलेल्या ४०० च्या वर जागा सापडल्या. त्यात डोपामिनशी संबंधित जीन्स आहेत, डीआरडी२ च्या जवळची जागाही आहे, ते मी नाकारत नाही, पण ती शेकड्यांतली एक आणि तिचा वाटा इवलासा. सिगरेटच्या बाबतीत सगळ्यात ठळक निघालेलं जीन सीएचआरएनए५, निकोटिन ज्याला चिकटतं त्या रिसेप्टरचा एक भाग ते बनवतं, आणि त्याच्या धोकादायक प्रकाराच्या एका प्रतीमागे (प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, आईकडून एक, वडिलांकडून एक) फरक किती पडतो, तर दिवसाला सरासरी साधारण एक सिगरेट. सगळ्यात ठळक जीनची ही ताकद. आता अशा एका जीनची टेस्ट करून कुणाला काय भविष्य सांगणार?

दुसरं, ‘डोपामिन कमी म्हणून व्यसन’. पार्किन्सन या मेंदूच्या आजारात डोपामिन खरंच कमी होतं, डोपामिन बनवणाऱ्या पेशीच मरतात. त्या पेशंटना डोपामिनसारखं काम करणारी औषधं दिली, उदाहरणार्थ प्रॅमिपेक्सोल, की त्यांच्यातल्या काहींना आयुष्यात कधी नव्हती अशी जुगाराची, खरेदीची, खाण्याची अनावर ओढ लागते आणि डोस कमी केला की ती बऱ्याचदा उतरते. ३००० च्या वर पेशंटच्या एका पाहणीत ही औषधं घेणाऱ्यांत असे १७ टक्के होते, न घेणाऱ्यांत ७ टक्के. मेसेज सांगतो त्याच्या बरोब्बर उलटं आहे हे. मुळात डोपामिन म्हणजे आनंद हा सगळीकडे असलेला समजच चुकीचा. मेंदूचे अभ्यासक केंट बेरिज यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं, तरी जिभेवर साखर ठेवली की ते मिटक्या मारायचे, फक्त उठून खायला जायचे नाहीत. आवडणं आणि ओढ वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, डोपामिन ओढीचं काम करतं. व्यसन असलेल्या कुणालाही विचारा, शेवटी शेवटी मजा उरलेली नसते, ओढ मात्र तशीच.

गोळ्यांचं दोन वाक्यांत सांगतो. डोपामिन तोंडाने घेतलं तर रक्तातून मेंदूत शिरतच नाही, आणि दारू सोडायला खरंच मदत करणारं नालट्रेक्सोन डोपामिन वाढवायचं काम करत नाही, ते ओपिऑइड रिसेप्टर (अफूसारखी द्रव्यं जिथे चिकटतात त्या जागा) अडवतं आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं.

आता ‘जीन असेल तर लागणारच’. जुळ्यांच्या अभ्यासातून दारूच्या व्यसनात अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा निघतो, खूप आहे, पण तो लोकसंख्येतल्या फरकांचा हिशोब आहे, एका माणसाच्या नशिबाचा नाही. जपानचं बघा. तिथे बऱ्याच लोकांत एएलडीएच२ या जीनचा असा प्रकार असतो की दारू प्यायली की चेहरा लाल होतो, मळमळतं, त्यामुळे व्यसनापासून बचाव होतो. तरीही व्यसनावर उपचार घेणाऱ्यांत या प्रकाराची एक प्रत असलेले १९७९ मध्ये २.५ टक्के होते आणि १९९२ पर्यंत १३ टक्के झाले. तेरा वर्षांत देशाचे जीन्स बदलत नाहीत हो! पिण्याच्या सवयी बदलतात.

राहिला ‘जन्मापासून मेंदूच तसा’, हा मुद्दाम शेवटी ठेवलाय. व्यसन असलेल्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये डी२ रिसेप्टर (डोपामिन ज्यांना चिकटतं ते, डीआरडी२ जीन जे बनवतं) कमी दिसतात हे खरंय. पण २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला, २० माकडं, आधी एकेकटी ठेवलेली, मग चार-चारच्या गटात. एकटी असताना पुढे वरचढ होणाऱ्यांत आणि दबलेल्यांत डी२ चा फरक नव्हता. गटात राहिल्यावर तीनेक महिन्यांत वरचढ माकडांचे डी२ सुमारे २२ टक्क्यांनी वाढलेले दिसले, आणि कोकेन समोर ठेवलं तेव्हा त्यांनी दबलेल्यांपेक्षा कमी घेतलं. माकडं तीच, जीन्स तेच, फक्त राहणं बदललं.

हे सगळं मी मित्राला फोनवर सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘ते माकडांचं परत सांग.’