पगाराच्या चिठ्ठीत मीठ कुठे आहे?

महिन्याची एक तारीख आली की आमच्या घरच्या ग्रुपवर तो निरोप हमखास येतो. काका पाठवतात, आत्या त्यावर पसंतीचा अंगठा टाकते. मजकूर साधारण असा: ‘तुम्हाला माहीत आहे का? रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळत असे. तेव्हा मीठ सोन्याच्या भावाने विकले जाई. मिठाला लॅटिनमध्ये साल म्हणतात, त्यावरून सॅलरी. आणि मीठ घेणारा तो सोल्जर. युरोपातल्या सगळ्या भाषांत पगाराला हाच शब्द आहे. आपणही म्हणतोच ना, खाल्ल्या मिठाला जागावे!’

काकांचा मान राखून सांगतो, यात एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे. ‘सॅलरी’त मीठ आहे. लॅटिन ‘साल’पासून ‘सालारिउम’, त्यापासून फ्रेंच ‘सालेर’, इटालियन आणि स्पॅनिश ‘सालारिओ’, डच ‘सालारिस’. सॅलड म्हणजे मूळचा मीठ लावलेला पाला. सॉस, सॉसेज, सलामी ही सगळी त्याच मिठाच्या घरची पोरं. इथपर्यंत भांडण नाही.

भांडण पुढच्या उडीशी आहे. शब्दात मीठ सापडलं म्हणून शिपायाच्या ओंजळीतही मीठच पडत होतं, हे कुणी सांगितलं? आपल्याकडे ‘लावण्य’ हा शब्द ‘लवण’ म्हणजे मिठावरूनच आला. म्हणून पूर्वीच्या राजकन्यांना मीठ चोळून ठेवत असत, असा निरोप अजून तरी कुणी पाठवलेला नाही.

सैनिकांना मीठ मिळायचं, या दाव्यामागे प्राचीन आधार म्हणून एकच वाक्य पुढे केलं जातं, पहिल्या शतकातल्या थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाचं. त्याने निसर्गाविषयी ३७ भागांचा ग्रंथ लिहिला. त्यातल्या ३१व्या भागात मिठाचं कौतुक करताना तो म्हणतो की मानाच्या पदांत आणि लष्करी चाकरीतही मिठाला जागा आहे, सालारिउम हे नाव त्यावरूनच पडलं. बस, एवढंच. कुणाला किती मीठ दिलं, कधी दिलं, एक अक्षर नाही. आणि प्लिनी हा घरबशा पंडित नव्हता. जर्मनीच्या सरहद्दीवर घोडदळात अधिकारी होता, पुढे आरमाराचा प्रमुख झाला, आणि इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गेला. त्याच्या फौजेत पगारादिवशी मिठाच्या गोणी सुटत असत्या, तर बारीकसारीक सगळं टिपणारा हा माणूस ते लिहायचं विसरला नसता.

मग शब्द आला कसा? लॅटिनमध्ये ‘-आरिउम’ लावून भत्त्यांची नावं पडत. कपड्यांचे पैसे ‘वेस्तिआरिउम’, बुटांचे पैसे ‘काल्केआरिउम’. या बूटभत्त्याचा एक किस्साच आहे. आरमारातली काही माणसं पाळीपाळीने ओस्तिया आणि पुतेओली या बंदरांतून रोमला पायी येत. त्यांनी सम्राट वेस्पासियानकडे बुटांसाठी पैसे मागितले. हा हिशेबी गडी. म्हणाला, यापुढे अनवाणी पळत जा. आणि तेव्हापासून ते अनवाणीच पळतात, असं सम्राटांचा चरित्रकार सुएतोनियस नोंदवून ठेवतो. ‘सालारिउम’ही याच साच्यातला शब्द. तेव्हा मूळ अर्थ ‘मिठासाठीचे पैसे’ असावा, हा तर्क पटण्यासारखा आहे. १९व्या शतकातल्या लॅटिन कोशांत तो छापला गेला, आणि पुढे सांगणाऱ्यांनी त्यातले पैसे गाळून नुसतं मीठ ठेवलं. आपण लग्नात ‘साडीचोळीचे’ म्हणून पाकीट देतो. दोन हजार वर्षांनी कुणी त्यावरून ‘मराठी लोक पाकिटात साडी घालत’ असं लिहिलं, तर जे होईल तेच इथे झालं आहे.

शिवाय सालारिउम हा शब्द जुन्या लेखनात भेटतो तो बड्या अधिकाऱ्यांच्या बाबतीत. रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो, त्याच्या सासऱ्याला, अग्रिकोलाला, प्रांताधिकाऱ्याचं सालारिउम मिळायला हवं होतं, ते सम्राटाने दिलं नाही. साध्या शिपायाच्या पगाराला वेगळा शब्द होता, ‘स्तिपेंदियुम’. त्यावरून आजचा ‘स्टायपेंड’. हा पगार नाण्यांत मिळायचा. इ.स. १४मध्ये डॅन्यूब नदीकाठच्या पॅनोनिया प्रांतातल्या फौजांनी बंड केलं, तेव्हाची तक्रार टॅसिटसने दिली आहे: आमच्या जिवाची किंमत दिवसाला दहा आस (तांब्याची नाणी), आणि त्यातूनच कपडे, हत्यारं, तंबू. मागणी काय, तर रोज एक दिनारिउस, म्हणजे सोळा आसचं चांदीचं नाणं. मिठाचं नाव कुणी काढलं नाही.

एक पगारचिठ्ठी तर शब्दशः हाती लागली आहे. इस्रायलमधल्या मसादा इथे पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचा, एक तुकडा सापडला, इ.स. ७०च्या दशकातला. गायुस मेसियुस नावाचा शिपाई, मूळचा बैरुतचा. मिळालेला पगार ५० दिनारिउस. कापलेले पैसे: जवाचे १६, खाण्याचे २०, बुटांचे ५, चामड्याच्या पट्ट्यांचे २, तागाच्या अंगरख्याचे ७. बेरीज करून पाहा. बरोबर ५०. बिचाऱ्याच्या हाती शून्य. पगारातून घर चालवणाऱ्या कुणालाही हा माणूस आपला वाटेल. आणि गंमत म्हणजे मसादा मृत समुद्राच्या काठावर आहे. जगातल्या सर्वांत खारट पाण्यांपैकी एक समोर पसरलेलं, आणि चिठ्ठीत मीठ नाही.

‘सोन्याच्या भावाने’ याला फार शाई खर्चायची गरज नाही. इ.स. ३०१मध्ये सम्राट डायोक्लेशियनने वस्तूंचे कमाल भाव ठरवून दिले. त्या यादीत एका मापाला मीठ १०० दिनारिउस, आणि गहूही तेवढ्याच मापाला १०० दिनारिउस (तोवर दिनारिउसची किंमत फार घसरली होती). मीठ सोन्यासारखं, तर गहूही सोन्यासारखा म्हणावा लागेल. त्याच्या कितीतरी आधी कॅटो या रोमन मुत्सद्द्याने शेतीवरच्या पुस्तकात लिहिलं आहे की प्रत्येक गुलामाला वर्षाला एक मोदियुस मीठ पुरे. मोदियुस म्हणजे साडेआठ लिटरच्या वर. म्हातारे गुलाम विकून टाका असा सल्ला देणारा हा कंजूष माणूस गुलामांना डबा भरून सोनं वाटत होता, असं मानायचं का? मीठ गरजेचं होतं, सरकारचं त्यावर लक्ष असे, त्याच्या वाहतुकीवरून रोमच्या एका रस्त्याचं ‘विया सालारिया’, म्हणजे मिठाचा रस्ता, असं नाव पडलं. गरजेचं असणं निराळं, महाग असणं निराळं. पाणीही गरजेचंच.

‘सोल्जर’ मिठातून आला, हे तर सपशेल चूक. तो ‘सोलिदुस’मधून आला. सोलिदुस म्हणजे भरीव, घट्ट, आणि सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३१२च्या सुमारास पाडलेलं सोन्याचं नाणं, साधारण साडेचार ग्रॅमचं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘सोल’, ‘सू’ झालं, ते घेऊन लढणारा तो सोल्जर. जर्मन ‘सोल्दात’ त्याच वंशातला. इटालियन माणूस आजही पैशाला ‘सोल्दी’ म्हणतो. आपल्या आजोबांनी शाळेत पौंड-शिलिंग-पेन्सची गणितं केली, त्यात शिलिंगसाठी लिहायचं ते ‘एस’ अक्षर शिलिंगचं नव्हे, याच सोलिदुसचं. म्हणजे ‘सोल्जर’ या शब्दात सोनं खरोखरच आहे, फक्त निरोपाने ते मिठाच्या खात्यात टाकलं.

‘सगळ्या भाषांत हाच शब्द’ हेही नाही. जर्मनीत पगार ‘गेहाल्ट’ किंवा ‘लोन’, स्वीडनमध्ये ‘लोएन’. स्पेनमध्ये ‘सालारिओ’ आहे, पण रोजच्या बोलण्यात ‘सुएल्दो’, म्हणजे पुन्हा सोलिदुस. फ्रान्समध्ये कामगाराला ‘सालेर’, सैनिकाला ‘सोल्द’. ज्याच्यावरून एवढी कथा रचली, त्या सैनिकाच्याच पगाराला मिठाचा शब्द नाही!

राहिलं खाल्ल्या मिठाला जागणं. ती आपल्याकडची आणि फारसीकडची गोष्ट आहे. नमकहलाल, निमकहराम हे शब्द दरबारी फारसीतून आले. त्यातलं मीठ धन्याच्या ताटातलं, अन्नातलं आहे. रोमशी त्याचा सुतराम संबंध नाही.

आणि काका, लॅटिनच शोधायचं होतं तर इंग्रजीपर्यंत जायची गरज नव्हती. आपला ‘पगार’ आला पोर्तुगीजांकडून, ‘पगार’ म्हणजे देणं, फेडणं. त्याच्या मागे लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणं. ‘पाक्स’ म्हणजे शांतता, त्यावरून. ज्याचं देणं लागतो त्याला पैसे देऊन गप्प बसवायचं, असा तो प्रवास. आमच्याकडे एक तारखेला दूधवाला, वाणी आणि सोसायटीचा सेक्रेटरी असे तिघे या अर्थाने शांत होतात.