भोंगा ऐकून डॉल्फिन बाजूला होत नाहीत

गंगेतल्या जलमार्गाबद्दलचा एक मजकूर सगळीकडे फिरतोय. काल तो माझ्या मामांनीही पाठवला, वर 'वाचच' असं लिहून. सार असं: नदी म्हणजे आयता रस्ता, खोदकाम लागत नाही, जहाज ट्रकपेक्षा बरं, डॉल्फिन हुशार असतात, भोंगा ऐकून बाजूला होतात. म्हणून पर्यावरण मंजुरी ही निव्वळ आडकाठी.

'आयता रस्ता' हे तर या जलमार्ग प्रकल्पाचे कागदच खोडून काढतात. बंगालमधल्या हल्दियापासून बिहारमधल्या बाढ गावापर्यंत 3 मीटर, पुढे गाझीपूरपर्यंत 2.5 आणि वाराणसीपर्यंत 2.2 मीटर खोली राखायची आहे. उन्हाळ्यात एवढं पाणी सगळीकडे कुठलं? ड्रेजर लावून गाळ उपसायचा, पावसाळ्यात नदी तो परत आणून टाकणार, की पुन्हा उपसा.

डॉल्फिनचं वाचून मात्र डोकंच फिरलं. मामा, गंगेतला डॉल्फिन जवळजवळ आंधळा असतो. तो पाण्यात टिकटिक आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीवरून मासा कुठे, काठ कुठे ते ओळखतो. कान हेच त्याचे डोळे, आणि इंजिनाची घरघर नेमकी त्यावरच येते. 2019 साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये याच नदीतल्या डॉल्फिनवरचा अभ्यास आला. पाणी उथळ असताना जहाजांचा आवाज वाढला की त्यांच्या शरीरावरचा ताण वाढतो, असं त्यात दिसलं. आणि बाजूला व्हायचं म्हणजे जायचं कुठे? एप्रिल-मेमध्ये कित्येक ठिकाणी खोल पाण्याचा एकच पट्टा उरतो. जहाज त्यातूनच जाणार, डॉल्फिनही तिथेच. बिहारमधलं सुलतानगंज ते कहलगाव हे पात्र 1991 पासून डॉल्फिन अभयारण्य आहे आणि हा जलमार्ग (राष्ट्रीय जलमार्ग 1) त्यातूनच जातो. चीनमध्ये यांगत्से नदीत 2006 साली बैजी डॉल्फिन शोधायला निघाले, एकही सापडला नाही. तिथे जाळी आणि धरणंही कारणीभूत होती, पण जहाजंही होतीच.

टनामागे इंधन ट्रकपेक्षा कमी लागतं, हे खरं आहे. मान्य. फक्त त्या हिशेबात उपशाचं डिझेलही धरा.

राहिली मंजुरी. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या सरकारी अधिसूचनेत, दुरुस्तीनंतर, देखभालीच्या उपशाला, म्हणजे एकदा केलेली खोली टिकवण्यासाठीच्या उपशाला, सूट आहेच. अट एकच: तो मूळ प्रस्तावात धरलेला हवा आणि त्या प्रस्तावाला मंजुरी मिळालेली हवी. कोणत्या महिन्यात उपसा थांबवायचा, अभयारण्यात जहाजाचा वेग किती ठेवायचा, या अटी अशाच कागदावर घालता येतात. तो कागदच नको म्हणता, मग ड्रेजरवाल्याला थांब म्हणणार कोण?