‘खोटं ठरवून दाखवा’ म्हणणाऱ्यांना

‘जे आजवर कोणालाही खोटं ठरवता आलं नाही, ते खरंच असतं’ अशा ओळीने सुरू होणारा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. लसीमुळे ऑटिझम (स्वमग्नता) होतो हे पटवायला पाच मुद्दे, मध्ये मध्ये लाल उद्गारचिन्हं आणि शेवटी ‘खोटं असेल तर सिद्ध करून दाखवा’ असं आव्हान. एरवी असले मेसेज मी न वाचताच उडवतो. पण हा मावसबहिणीकडून आला आणि खाली तिचा प्रश्न होता, ‘दादा, बाळाचा गोवराचा डोस थांबवू का?’ त्यामुळे वाचावा लागला.

मुद्दा पहिला: ‘कोर्टात गुन्हा सिद्ध झाला नाही की माणूस निर्दोष ठरतो. दाव्याचंही तसंच.’

कोर्टाचं नाव काढलंच आहे तर कायदाही बघू. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या तिसऱ्या कलमात दोन नव्हे, तीन अवस्था सांगितल्या होत्या: एखादी गोष्ट शाबीत झाली, ती नाशाबीत म्हणजे खोटी ठरली, किंवा यांपैकी काहीच झालं नाही. त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही या तिन्ही व्याख्या कायम आहेत. म्हणजे दीडशे वर्षांपासून कायद्याला जे माहीत आहे, तेच या मेसेजने गिळून टाकलंय. खोटं ठरलं नाही म्हणून एखादी गोष्ट खरी होत नाही, ती अधांतरी राहते.

शिवाय संशयाचा फायदा मिळतो तो आरोपीला. इथे आरोपी कोण आहे? लस. आरोप करणारे तुम्ही. मग तुमच्याच कोर्टात तुमच्याच नियमाने सुटायला हवी ती लस, आणि पुरावा आणायचा तो तुम्ही!

मुद्दा दुसरा: ‘लसीमुळे ऑटिझम होत नाही, हे शंभर टक्के कोणीही सिद्ध केलेलं नाही. म्हणजे होतो.’

सगळ्यात घातक वाक्य हेच. अमुक गोष्ट कधीच, कुठेच, कोणालाच होत नाही हे शंभर टक्के दाखवणं कोणाच्याच हातात नसतं. चांदण्यात बसल्याने ऑटिझम होत नाही, हे तरी शंभर टक्के कोणी सिद्ध केलंय? मग पोरांना रात्री घरात कोंडायचं का?

करता येतं ते वेगळंच. दावा खरा असेल तर काय दिसायला हवं हे आधी ठरवायचं आणि मग ते दिसतं का बघायचं. लसीने ऑटिझम होत असेल, तर लस घेतलेल्या मुलांत तो न घेतलेल्यांपेक्षा जास्त आढळायला हवा. डेन्मार्कमध्ये हेच तपासलं. १९९९ ते २०१० या काळात तिथे जन्मलेली ६,५७,४६१ मुलं. त्यांतल्या ३१ हजारांहून अधिक मुलांना गोवर-गालगुंड-रुबेलाची लस दिलेली नव्हती. एकूण ६,५१७ मुलांना ऑटिझमचं निदान झालं. हिशेब केल्यावर लस घेतलेल्यांत धोका वाढलेला दिसला नाही. न घेतलेल्यांचा धोका १०० धरला तर घेतलेल्यांचा ९३ आला आणि तेवढा फरक योगायोगातही बसतो. ज्यांच्या भावंडांना आधीच ऑटिझम आहे अशी मुलं वेगळी काढून पाहिली, तिथेही तेच. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दावा खरा असता तर इथे दिसला असता.

आणि हा सगळा गोंधळ सुरू कुठून झाला? या लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणाऱ्या १९९८ च्या एका शोधनिबंधातून, ज्यात मुलं होती फक्त १२. तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये तो मागे घेतला आणि त्याच वर्षी मुख्य लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांचा ब्रिटनमधला वैद्यकीय परवाना गेला. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही. गोवराचा एक रुग्ण, कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, १२ ते १८ जणांना लागण करतो. बहिणीला म्हटलं, डोस अजिबात थांबवू नकोस आणि काही शंका असेल तर बाळाच्या डॉक्टरांना विचार, ग्रुपला नको.

मुद्दा तिसरा: ‘हजारो लोकांचे अनुभव खोटे कसे असतील?’

अनुभव खोटे नसतात, त्यांतून काढलेला अर्थ चुकतो. ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने युरेनसच्या चालीतली गडबड बघून एका नव्या ग्रहाची जागा गणिताने सांगितली आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेतून नेपच्यून त्या जागेपासून अंशभराच्या आत सापडला. मग बुधाच्या कक्षेतही विसंगती आहे म्हणून त्याने १८५९ मध्ये तीच युक्ती वापरली. बुधाच्या आत आणखी काहीतरी असलं पाहिजे! त्या ग्रहाचं नावही ठरलं, व्हल्कन. एका हौशी निरीक्षकाने तो पाहिल्याचं कळवलं. १८७८ च्या खग्रास ग्रहणात दोन अनुभवी खगोलशास्त्रज्ञांनाही तो दिसला. हे लोक थापा मारत नव्हते. पण पुन्हा पुन्हा शोधूनही तो हाती लागेना. अखेर १९१५ मध्ये आइनस्टाइनने बुधाच्या कक्षेतली शतकाला ४३ विकलांची (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) ती तफावत कोणत्याही ग्रहाशिवाय उलगडून दाखवली. तोवर ‘व्हल्कन नाहीच हे सिद्ध करा’ म्हणायची सोय होतीच की. माणूस तोच, युक्ती तीच. पण नेपच्यून दुर्बिणीत सापडला आणि व्हल्कन नाही.

मुद्दा चौथा: ‘विज्ञानाचे म्हणजे नुसते सिद्धांत, ते बदलत राहतात.’ बदलतात, कारण ते तपासले जातात. जंतूंमुळे रोग होतात हाही सिद्धांतच आहे. पुढे.

मुद्दा पाचवा: ‘नव्या विचाराला जग आधी हसतंच.’ बरं, हे अर्धं मान्य. पुरावा अजून मिळाला नाही म्हणजे दावा खोटाच, असं मीही म्हणणार नाही. पोटातले अल्सर जीवाणूंमुळे होतात हे ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल सांगत होते, तेव्हा बहुतेकांना ते पटत नव्हतं. पण मार्शल ‘खोटं ठरवून दाखवा’ म्हणत बसले नाहीत. १९८४ मध्ये त्यांनी ते जीवाणू स्वतः प्यायले, जठराला सूज आणून घेतली आणि तपासण्या करून ती दाखवली. २००५ मध्ये सहकारी रॉबिन वॉरन यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. हसू झालेल्या प्रत्येकाला मिळतं असं नाही.

राहिलं ते शेवटचं आव्हान. दावा तुमचा आहे, तेव्हा आधी तुम्ही सांगा, काय दिसलं तर तो मागे घ्याल? साडेसहा लाख मुलांवर भागत नसेल, तर किती हवीत? दहा लाख? एक कोटी? आकडा लिहा आणि मग तो मेसेज पुढे पाठवा.